लाळ्या खुरकूत : लस टोचलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर पेप्टाइड मायक्रोअ‍ॅरेवर वेगळे ओळखता येईल का?

प्रश्न : माणदेशी

नमस्कार. मी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत आहे आणि माझा विषय लाळ्या खुरकूत रोगाच्या रक्तजल-निदानाचा, म्हणजे रक्तजल (सीरम) तपासून रोग ओळखण्याचा, आहे. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गाई-म्हशींना दर सहा महिन्यांनी ओ, ए आणि आशिया-१ या विषाणूच्या तीन सिरोटाइपांविरुद्धची, म्हणजे उपप्रकारांविरुद्धची, लस टोचण्याचे धोरण आहे. ज्या गोठ्यात लसीकरण नीट झाले आहे तिथल्या बहुतेक जनावरांच्या रक्तात विषाणूच्या कवचाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सापडतातच, आणि ती लसीमुळे तयार झाली की गोठ्यात रोग शिरून गेल्यामुळे, हे कवचाच्या प्रथिनांवर बेतलेली चाचणी सांगू शकत नाही.

यावरचा प्रचलित तोडगा मला माहीत आहे. विषाणू पेशीत वाढू लागला की कवचात न बसणारी काही बिगर-संरचनात्मक प्रथिनेही तयार होतात. शुद्ध केलेल्या मृत लसीतून ती बरीचशी काढून टाकलेली असतात, त्यामुळे ३-ए, ३-बी आणि ३-सी या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर त्या जनावराला संसर्ग होऊन गेला असे धरले जाते. सध्याच्या एलायझा (रंगाच्या बदलावरून प्रतिपिंडे मोजणाऱ्या) चाचण्यांत हे सलग प्रथिन किंवा त्याचा मोठा तुकडा जिवाणूंकडून तयार करून घेऊन वापरतात. माझा विचार असा आहे की सलग प्रथिनाऐवजी त्याचे छोटे छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, काचपट्टीवर ठिपक्यांच्या रूपात मांडले (यालाच पेप्टाइड मायक्रोअ‍ॅरे म्हणतात), तर संसर्ग झालेल्या जनावराची प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या पट्ट्यावर बसतात ते दिसेल आणि त्यातून अधिक नेमकी चाचणी तयार करता येईल.

यासंदर्भात माझ्या तीन शंका आहेत. हा मार्ग मुळात या कामाला योग्य आहे का, आणि योग्य असेल तर पेप्टाइड किती लांबीचे व किती घ्यावेत? विषाणूचे व्हीपी-१ हे कवचप्रथिन पेशीवरच्या इंटेग्रिन या ग्राही प्रथिनाला चिकटते, तो बंधही त्याच काचपट्टीवर अभ्यासता येईल का? आणि आजारी जनावराच्या नमुन्यातला विषाणूच अशा पट्टीवर थेट पकडता येईल का? हाताशी निधी बेताचा आहे, त्यामुळे पट्ट्या मागवण्याआधी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत घ्यावे असे वाटले.

प्रतिसाद : काचपट्टी

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधारही आहे. प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या अक्षरांवर बसते हे एकेका अमिनो आम्लापर्यंत शोधून काढण्याचे जे काम या क्षेत्राचा पाया मानले जाते, ते लाळ्या खुरकूतच्याच विषाणूवर झाले होते. गायसेन, मेलोएन आणि बार्टेलिंग यांनी १९८४ मध्ये ओ-१ प्रकाराच्या व्हीपी-१ या २१३ अमिनो आम्लांच्या प्रथिनातून सहा-सहा अमिनो आम्लांचे, एकेक घर पुढे सरकणारे, सगळे २०८ पेप्टाइड एकाच वेळी तयार केले आणि विषाणूविरुद्धच्या रक्तजलाला त्यांतले कोणते ओळखता येतात ते तपासले. १४६ ते १५२ हा पट्टा उजळला, आणि पुढे एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिल्यावर १४८ आणि १५१ या जागांवरील ल्युसीन अपरिहार्य असल्याचे दिसले.

त्यांचे पेप्टाइड प्लास्टिकच्या दांड्यांच्या टोकांवर वाढवलेले होते. पुढे १९९१ मध्ये फोडर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने उघडणारी रासायनिक झाकणे वापरून अवघ्या दहा टप्प्यांत १०२४ पेप्टाइड काचेवर जागच्या जागी घडवले. त्याच सुमारास जर्मनीत रोनाल्ड फ्रांक यांनी सेल्युलोजच्या कागदावर थेंबाथेंबाने पेप्टाइड वाढवण्याची स्पॉट पद्धत रूढ केली. २००८ मध्ये तर अमिनो आम्ले टोनरच्या कणांत भरून ती लेसर प्रिंटरच्या धर्तीवर छापण्याचे तंत्र प्रसिद्ध झाले. आज एका पट्टीवर लाखो पेप्टाइड बसतात. मात्र तुम्हाला एवढ्या दाटीची गरज नाही, आणि निधी बेताचा असताना त्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा हिशेब असा. ३-ए मध्ये १५३, तिन्ही ३-बी मिळून ७१ आणि ३-सी मध्ये २१३ अशी एकूण ४३७ अमिनो आम्ले होतात. पंधरा अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड घेतला आणि दर वेळी तीन घरे पुढे सरकले, तर शेवटचा टोकाचा तुकडा धरून १४२ पेप्टाइडांत सगळे प्रथिन झाकले जाते. प्रत्येक पेप्टाइड तीन ठिकाणी ठेवला तरी सव्वाचारशे ठिपके होतात, आणि तेवढे ठिपके एका साध्या काचपट्टीवर एकाहून अधिक वेळा छापता येतात, म्हणजे एकाच पट्टीवर वेगवेगळे कप्पे करून अनेक रक्तजले तपासता येतात. तीन घरांचे हे पाऊल केवळ काटकसर म्हणून सुचवलेले नाही. प्रतिपिंडाला हवा असलेला गाभा सहा अमिनो आम्लांचा असेल, तर तो या मांडणीत तीन किंवा चार शेजारी पेप्टाइडांत पूर्णपणे सामावतो. त्यामुळे खरी ओळख असेल तिथे शेजारचे ठिपकेही उजळलेच पाहिजेत, आणि दोन्ही बाजू काळ्याकुट्ट असताना एकच ठिपका लखलखत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

असे एकटे ठिपके बहुधा पेप्टाइडाच्या शुद्धतेतून उद्भवतात. जागच्या जागी घडवलेला पेप्टाइड नंतर शुद्ध करता येत नाही. पंधरा अमिनो आम्लांसाठी चौदा जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तर शेवटी सुमारे ८७ टक्के रेणू पूर्ण लांबीचे असतात, पण तेच प्रमाण दर जोडणीला ९५ टक्के असेल तर पूर्ण रेणू निम्म्याहूनही कमी भरतात आणि उरलेल्या जागेत अर्धवट तुकडे उभे असतात. म्हणून पट्टीवर जे पेप्टाइड निवडले जातील ते पुन्हा स्वतंत्रपणे तयार करून, एचपीएलसीने शुद्ध करून, वस्तुमान तपासून, साध्या एलायझात उतरवल्याशिवाय त्यांच्याबद्दल काहीही लिहू नये.

आता एक अगदी प्रत्यक्ष कामातली गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेक छापील कार्यपद्धतींत तुमच्या उपयोगाची नसते. मानवी रक्तजलासाठी लिहिलेल्या पद्धतीत पट्टीच्या मोकळ्या जागा झाकण्यासाठी गोवंशीय सीरम अल्ब्युमिन किंवा दुधाची पावडर वापरायला सांगतात. तुमचे दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे ठिपक्यावर बसलेले रक्तजलातले प्रतिपिंड दाखवणारे चकाकते प्रतिपिंड, मात्र गाईच्याच आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडाला) चिकटणारे असणार. दुधाच्या पावडरीत गाईचे आयजीजी असतेच, आणि साध्या प्रतीच्या अल्ब्युमिनमध्येही त्याचा अंश राहून जातो. परिणामी दुय्यम प्रतिपिंड सगळ्या पट्टीभर बसते, पार्श्वभूमी वर चढते आणि खरे क्षीण ठिपके तिच्यात बुडून जातात. त्यासाठी माशाचे जिलेटिन किंवा कृत्रिम ब्लॉकिंग द्रावण घ्यावे, आणि अल्ब्युमिनच वापरायचे असेल तर आयजीजी-मुक्त प्रतीचे मागवावे.

पट्टी वाचताना स्कॅनरची संवेदनशीलता अशी ठेवावी की सर्वांत तेजस्वी ठिपकाही ६५,५३५ या सोळा-बिट मर्यादेला टेकणार नाही. एकदा ठिपका तिथे टेकला की त्याच्याहून दुप्पट तेजस्वी ठिपका आणि तो यांत काही फरक उरत नाही. प्रत्येक पट्टीवर वाय-पी-वाय-डी-व्ही-पी-डी-वाय-ए हा इन्फ्लुएंझाच्या हिमॅग्लुटिनिनमधला नऊ अमिनो आम्लांचा पेप्टाइड चारही कडांना ठेवावा आणि त्याचे प्रतिपिंड वेगळ्या रंगाच्या फ्लुरोफोरने (चकाकणाऱ्या रंगद्रव्याने) रंगवावे. त्यामुळे जाळी जुळवणे सोपे होते आणि पट्टीचा एखादा कोपरा नीट भिजला नाही तर तेही लगेच लक्षात येते.

प्रतिसाद : दूरदेशी

काचपट्टी यांनी मांडलेल्या हिशेबाशी मी सहमत आहे. मी गेली काही वर्षे जर्मनीत प्रथिनांच्या परस्परबंधांवर काम करतो, म्हणून पहिल्या शंकेला एक मर्यादा जोडतो आणि दुसऱ्या शंकेवर जरा सविस्तर लिहितो.

मर्यादा अशी की पट्टीवरचा पेप्टाइड हा सरळ धागा असतो, आणि प्रतिपिंडे मात्र बहुतांशी घडी घातलेल्या प्रथिनाचा पृष्ठभाग ओळखतात, ज्यात साखळीत एकमेकांपासून दूर असलेली अमिनो आम्ले शेजारी आलेली असतात. ओ प्रकाराच्या कवचावर प्रतिपिंडांना बसण्याच्या पाच मुख्य जागा वर्णिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सरळ धाग्यावर दिसत नाहीत. व्हीपी-१ मधला जी-एच नावाचा लवचीक फास तेवढा पेप्टाइडच्या रूपातही बऱ्यापैकी ओळखला जातो. १९८२ मध्ये याच फासातल्या १४१ ते १६० या पेप्टाइडने गिनीपिगांना संरक्षण मिळाले तेव्हा पेप्टाइड लसीची मोठी आशा निर्माण झाली होती. पण १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्जेंटिनातील मोठ्या चाचणीत गाईंना मिळालेले संरक्षण ४० टक्क्यांच्या वर गेले नाही, आणि पेप्टाइडने दिलेली प्रतिकारशक्ती चुकवणारे बदललेले विषाणूही त्या जनावरांत सापडले. तेव्हा पट्टीवर ठिपका उजळला नाही याचा अर्थ तिथे प्रतिपिंड बसतच नाही असा घेऊ नये. तिथे सरळ धाग्यावर बसणारे प्रतिपिंड सापडले नाही, एवढेच विधान करता येते.

तुमच्या सुदैवाने बिगर-संरचनात्मक प्रथिनांत, विशेषतः ३-बी मध्ये, ही अडचण बरीच कमी आहे. ३-बी हे २३-२४ अमिनो आम्लांचे छोटे, लवचीक प्रथिन आहे, आणि या विषाणूत त्याच्या तीन सारख्या पण तंतोतंत एक नसलेल्या प्रती एकापाठोपाठ असतात. यामुळे तुमच्या आलेखात एकाच प्रतिपिंडाचे तीन उंचवटे दिसू शकतात. ते तीन स्वतंत्र पुरावे म्हणून मोजू नका. तिन्ही प्रती शेजारी मांडून कोणत्या अमिनो आम्लांत फरक आहे आणि त्या फरकाने ठिपका किती मंदावतो हे पाहिले, तर मुद्दाम अक्षरे बदललेले पेप्टाइड न मागवताही गाभ्याचा अंदाज येतो.

आता इंटेग्रिनबद्दल. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जी-एच फासाच्या टोकाशी आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अक्षरे, म्हणजे आर-जी-डी, १४५ ते १४७ या जागांवर असतात, आणि त्यांच्या आधारे विषाणू पेशीवरच्या अल्फा-व्ही-बीटा-६ या इंटेग्रिनला धरतो. आर-जी-डी तर इतर अनेक प्रथिनांतही असते. मग या विशिष्ट इंटेग्रिनशी एवढी घट्ट पकड कशी बसते? त्याचे उत्तर आर-जी-डीनंतर लगेच येणाऱ्या पहिल्या आणि चौथ्या जागेवरील ल्युसीनमध्ये आहे. ती दोन्ही ल्युसीन फासाच्या एका छोट्या मळसूत्री वळणावर एकाच अंगाला येतात आणि इंटेग्रिनच्या पृष्ठभागाला टेकतात. त्यांचे क्रमांक मोजून पाहा : १४८ आणि १५१. गायसेन यांच्या १९८४ च्या प्रयोगात प्रतिपिंडांना जी ल्युसीन अपरिहार्य वाटली होती तीच ही. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला जी अक्षरे जपावी लागतात, त्यांच्यावरच जनावराचे प्रतिपिंड झडप घालते. ही गोष्ट मांडण्यासाठी पेप्टाइड पट्टीइतके सुबक साधन मला तरी दुसरे माहीत नाही, कारण इथे एकच अक्षर बदललेले पेप्टाइड ओळीने ठेवून एका पट्टीवर रक्तजल आणि दुसऱ्या पट्टीवर इंटेग्रिन सोडले की दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहता येतात. याच फासातून घेतलेला वीस अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड पुढे हे इंटेग्रिन जास्त प्रमाणात बाळगणाऱ्या कर्करोगाच्या गाठींचे चित्रण करण्याच्या संशोधनातही वापरला गेला, यावरून ही पकड किती नेमकी आहे याची कल्पना येईल.

मात्र हा प्रयोग रक्तजलाच्या पद्धतीने करून चालणार नाही. इंटेग्रिनला बंधासाठी मॅग्नेशियम किंवा मँगनीज यांसारखे द्विसंयुजी आयन लागतात, त्यामुळे नेहमीचे फॉस्फेट द्रावण घेतले तर पट्टी कोरीच दिसेल आणि बंधच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. ट्रिसवर आधारलेले, हे आयन घातलेले द्रावण वापरावे. तेच द्रावण, हे आयन ओढून घेणारे ईडीटीए घालून, दुसऱ्या कप्प्यात चालवावे, म्हणजे तिथे जे काही उजळेल ते इंटेग्रिनच्या खऱ्या पकडीमुळे नाही हे कळते. त्याशिवाय प्रत्येक आर-जी-डी पेप्टाइडाशेजारी अ‍ॅस्पार्टिकच्या जागी ग्लुटामिक आम्ल असलेले त्याचे भावंड ठेवावे. साखळीत केवळ एका मिथिलीन गटाची भर पडते आणि बंध नाहीसा होतो, त्यामुळे याहून कडक नियंत्रण सापडणे कठीण.

ठिपक्याच्या तेजावरून बंधाची ताकद किती, हे मात्र काढू नये. पट्टीवर पेप्टाइड इतके दाट उभे असतात की दोन हातांचे प्रतिपिंड एकाच वेळी दोन पेप्टाइडांना धरते आणि मुळात दुबळा असलेला बंधही मजबूत भासतो. उलट, झटकन सुटणारे बंध धुण्याच्या टप्प्यातच निघून जातात. पट्टी क्रमवारी लावायला चांगली आहे, पण विघटन-स्थिरांक, म्हणजे बंधाच्या ताकदीचे माप, हवा असेल तर निवडक पेप्टाइड घेऊन सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स या बंध थेट मोजणाऱ्या तंत्राकडेच जावे लागते. शिवाय पेप्टाइड कोणत्या टोकाने काचेला बांधला आहे हेही पुरवठादाराला विचारून घ्या. फासासाठी याने फारसे बिघडत नाही, पण पीडीझेडसारखी प्रथिन-क्षेत्रे पेप्टाइडाचे मोकळे कार्बॉक्सिल टोकच ओळखतात, आणि नेहमीच्या पद्धतीत नेमके तेच टोक काचेत रुतलेले असते.

माणदेशी

दोघांचेही मनापासून आभार. ल्युसीनच्या क्रमांकांची सांगड मी आजवर अशी घातली नव्हती, आणि आता प्रबंधाचे एक प्रकरण त्यावरच बेतावे असे वाटू लागले आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. माझ्याकडच्या नमुन्यांत म्हशींचे प्रमाण मोठे आहे. गाईसाठीचे दुय्यम प्रतिपिंड त्यांना चालेल का? आणि पट्टीवर निवडलेल्या पेप्टाइडांची पारख करताना रक्तजले कोणती व कशी निवडावीत, यावर कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

प्रतिसाद : गोठेघाटी

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. सरकारी सेवेत जनावरांच्या रक्तजल-चाचण्यांवर आयुष्य घालवले आहे, म्हणून रक्तजलांच्या निवडीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमचा सगळा प्रबंध पट्टीपेक्षा या निवडीवर उभा राहील किंवा कोसळेल.

संसर्ग झालेली जनावरे एका बाजूला आणि कधीही लस न टोचलेली, रोग न झालेली जनावरे दुसऱ्या बाजूला अशी तुलना करून सुंदर आलेख निघतात आणि प्रत्यक्ष गोठ्यात त्यांचा उपयोग होत नाही. तुम्हाला ज्यांच्यापासून फरक करायचा आहे ती जनावरे म्हणजे वारंवार लस टोचलेली, तरीही रोग न झालेली. लसीचे शुद्धीकरण कितीही चांगले असले तरी बिगर-संरचनात्मक प्रथिनांचा काही अंश उरू शकतो, आणि अनेक मात्रा घेतलेल्या जनावरात त्याविरुद्ध थोडी प्रतिपिंडे दिसू शकतात. ३-डी या प्रथिनाबाबत तर हा अनुभव जुना आहे. ते कवचाबरोबर लसीत येत असल्यामुळे लस घेतलेल्यांतही त्याची प्रतिपिंडे सापडतात, आणि म्हणूनच या कामासाठी त्यावर भिस्त ठेवणे सोडून ३-एबीसीकडे वळावे लागले. तेव्हा दोन-तीन मात्रा घेतलेली, सात-आठ मात्रा घेतलेली, गाई आणि म्हशी, अशा रक्तजलांचा गट सर्वांत मोठा असायला हवा, आणि त्यांच्या लसीकरणाची तारीख कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह नोंदलेली असायला हवी. तोंडी माहितीवर घेतलेला नमुना या गटात ठेवू नका.

संसर्ग झालेल्या गटातही सगळे नमुने एकाच वेळचे नकोत. ही प्रतिपिंडे फोड आल्याबरोबर दिसत नाहीत, त्याला साधारण आठवडा-दीड आठवडा जावा लागतो. दुसऱ्या टोकाला, बरे झालेल्या गाई-म्हशींपैकी काहींच्या घशात २८ दिवसांनंतरही विषाणू टिकून राहतो आणि त्यांना वाहक म्हणतात. लस घेतलेले जनावर संसर्ग होऊन लक्षणांविना वाहक बनले तर त्याचा बिगर-संरचनात्मक प्रथिनांविरुद्धचा प्रतिसाद बऱ्याचदा क्षीण असतो, आणि सलग प्रथिनाची चाचणी जिथे चुकते ती हीच जनावरे. तुमचे पेप्टाइड या जनावरांना पकडू शकले तर त्या कामाला खरी किंमत आहे. अशा जनावरांची, घशातील नमुन्यावर विषाणू सिद्ध झालेली थोडी रक्तजले तुमच्या हाती येऊ शकत असतील, तर त्यासाठी वाटेल तेवढा पत्रव्यवहार करा.

आकड्यांचा विचार आत्ताच करा. १४२ पेप्टाइडांची प्रत्येकी एक सांख्यिकी चाचणी पाच टक्क्यांच्या पातळीवर केली तर केवळ योगायोगानेच सात पेप्टाइड महत्त्वाचे ठरतील. म्हणून रक्तजलांचे सुरुवातीलाच दोन हिस्से करावेत, एकावर पेप्टाइड निवडावेत आणि दुसरा हिस्सा निवड पूर्ण होईपर्यंत उघडूही नये. त्यानंतर चाचणी प्रत्यक्ष गोठ्यात गेल्यावर काय होईल तेही कागदावर मांडून पाहावे. समजा, चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे, आणि हजार जनावरांपैकी वीसच खरोखर संसर्ग झालेली आहेत. त्या वीसांपैकी १९ सापडतील, पण उरलेल्या ९८० पैकी सुमारे वीस विनाकारण सकारात्मक येतील, म्हणजे हाती आलेल्या सकारात्मक निकालांतले निम्मे खोटे असतील. लसीकरणाने रोग जसा आटोक्यात येईल तसे हे प्रमाण आणखी बिघडेल. याच कारणाने दोन-तीन पेप्टाइड एकत्र उजळले तरच जनावर सकारात्मक धरावे असा नियम उपयोगी पडू शकतो, आणि पेप्टाइडांचा खरा फायदा मला इथे दिसतो, कारण सलग प्रथिनाच्या एका आकड्यातून असा नियम करताच येत नाही.

प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीबद्दल मी इतका आग्रही का आहे, तर क्षयरोगाच्या बाबतीत आपल्या देशाने याची मोठी किंमत मोजली आहे. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखणारे संच खासगी बाजारात सर्रास विकले जात होते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नयेत अशी स्पष्ट शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोवर असंख्य रुग्णांना नसलेल्या रोगाची औषधे मिळाली आणि असलेल्या रोगाची मिळाली नाहीत. जनावराच्या बाबतीत चुकीचा निकाल म्हणजे एखाद्या गावाच्या बाजारावर, दुधावर आणि हालचालींवर निर्बंध. गोपालकाचे ते नुकसान भरून निघत नाही, म्हणून रक्तजलांचा दुसरा हिस्सा कितीही थोडा वाटला तरी त्याला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद : काचपट्टी

गोठेघाटी यांनी सांगितलेल्या गोष्टी मी माझ्या विद्यार्थ्यांनाही वाचायला देणार आहे. राहिलेल्या दोन शंकांची उत्तरे थोडक्यात देतो.

विषाणू थेट पकडण्याबाबत. पेप्टाइडने रोगजंतू पकडता येतो हे खरे आहे, पण त्यातले नावाजलेले काम जिवाणूंवर आहे. आफ्रिकी नखधारी बेडकाच्या कातडीतून १९८७ मध्ये सापडलेले मॅगेनिन हे जंतुनाशक पेप्टाइड जिवाणूच्या आवरणाला चिकटते. २०१० मध्ये एका अमेरिकी गटाने ते सूक्ष्म विद्युत्-अग्रांवर बसवून ई. कोलाय आणि साल्मोनेला यांची उपस्थिती विद्युत्-रोधातील बदलावरून, दर मायक्रोलिटरला सुमारे एक जिवाणू इतक्या कमी प्रमाणापर्यंत टिपली. अशा पेप्टाइडांना जिवाणूंच्या जाती काटेकोरपणे वेगळ्या ओळखता येत नाहीत. अनेक पेप्टाइडांच्या एकत्रित नमुन्यावरून जात ठरवावी लागते. लाळ्या खुरकूतच्या फोडातील द्रवात विषाणू भरपूर असतो आणि आरटी-पीसीआर त्याला झटपट ओळखते, तिथे पेप्टाइड पट्टी काही भर घालणार नाही. शिवाय जिवंत विषाणू हाताळायचा म्हणजे उच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, आणि तुमच्या पद्धतीचा मोठा फायदा हाच की कृत्रिम पेप्टाइड आणि ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेले रक्तजल यांच्यावर ती चालते. तिसरी शंका प्रबंधातून वगळावी असे मी सुचवेन.

म्हशींबाबत. गाईचे आणि म्हशीचे आयजीजी परस्परांच्या इतके जवळचे आहेत की गाईसाठीची दुय्यम प्रतिपिंडे म्हशीच्या रक्तजलावर सहसा चालतात, परंतु दोघांत पकड सारखीच असेल असे गृहीत धरू नये. पट्टीच्या एका कोपऱ्यात शुद्ध गोवंशीय आयजीजीचे आणि शुद्ध म्हशीच्या आयजीजीचे, सारख्याच प्रमाणात पातळ करत नेलेले ठिपके छापून घ्या. दोन्ही ओळींचे तेज वेगळे आले तर गाईचा आणि म्हशीचा उंबरठा स्वतंत्रपणे ठरवावा लागेल, आणि दोन्ही प्रजातींचे आकडे एका आलेखात मिसळता येणार नाहीत.

पट्ट्या हाती आल्यावर पहिल्या पट्टीवर एकही रक्तजल घालू नका. तिच्यावर फक्त ब्लॉकिंग द्रावण आणि दुय्यम प्रतिपिंड चालवा. पेप्टाइडांपैकी काही, विशेषतः ज्यांच्यात लायसीन-आर्जिनीन किंवा ट्रिप्टोफॅन जास्त आहेत ते, रक्तजलाविनाही उजळू शकतात. त्यांची यादी तिथेच करून ठेवा आणि प्रत्येक नव्या खेपेच्या पट्ट्यांवर हीच तपासणी पुन्हा करा, कारण छपाईच्या खेपेगणिक ही यादी थोडी बदलू शकते.